डाव्या सांध्यावर

१

आमच्याकडे रविवारची सकाळ गाडीखाली जायची. प्रणिता खाली आणि मी वर.

गाडी गडद हिरवी, दोनच माणसांची, कापडी छपराची, वयाने माझ्याहून मोठी. पुढची चाकं लाकडी उतारांवर चढवायची, मागच्या चाकांना विटा लावायच्या, मग प्रणिता पुठ्ठ्यावर उताणी होऊन आत सरकायची. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून स्टीअरिंग हलवायचो. फार नाही. बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे. स्टीअरिंग फिरतं पण चाकं अजून वळत नाहीत, अशी मध्ये थोडी मोकळीक असते. गॅरेजवाले तिला ‘प्ले’ म्हणतात. जुन्या गाडीत प्ले असतोच. किती आहे आणि कुठल्या सांध्यातून येतो, तेवढं शोधायचं. मी हलवत राहायचो आणि ती एकेका सांध्यावर हात ठेवून बघायची. झिजलेला सांधा तळहाताला टिचकी मारतो, असं ती म्हणायची.

तिने हात ठेवला की मला वर कळायचं. स्टीअरिंग अगदी किंचित जड व्हायचं, पाण्यातून हात फिरवावा तसं.

“काहीतरीच,” ती खालून म्हणायची. “एवढ्या लोखंडातून तुला माझा हात कळतो?”

“कळतो. आत्ता डावीकडे आहेस.”

मग खालून उत्तर यायचं नाही. म्हणजे ती डावीकडेच असायची.

प्रणिता वायुसेनेत इंजिनिअर होती. नोकरी सोडली तरी तिथली एक सवय तिने घरी आणली. विमानाची दिशा ज्या भागांनी बदलते त्यांना हात लागला, तर काम करणाऱ्याने एकट्याने ‘झालं’ म्हणायचं नाही. दुसऱ्याने तपासायचं, आणि तो तपासत असताना पहिल्याने तिथेच उभं राहायचं. तिच्या तुकडीत त्याचं एक छोटं बोलणं ठरलेलं होतं. दुसरा विचारी, “काम कुणाचं?” पहिला नाव सांगे. “हजर?” “हजर.” आणि तपासणी संपली की दुसरा म्हणे, “काम बंद.” ते ऐकेपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही.

गाडीचं स्टीअरिंग खोलून पुन्हा बसवलं की ती मागच्या गल्लीतल्या जयसिंगना बोलवायची. ते तिच्याच तुकडीतले, निवृत्त. जयसिंग खाली, मी स्टीअरिंगवर, आणि ती पुढून, डाव्या मडगार्डसमोर हात पुसत उभी. मध्येच फोन आला आणि ती आत गेली, तर तिच्या जागी मीच “हजर” म्हणून टाकायचो. तिघंही हसायचो.

२

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिने स्टीअरिंगचे सांधे बदलले. दुसऱ्या दिवशी जयसिंग यायचे होते. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन हॉस्पिटलात होतो, आणि त्यानंतरचं जे काही होतं ते सगळं हॉस्पिटलातच झालं. गाडी शेडमध्ये उतारांवर चढलेली तशीच राहिली. मी शेडला कुलूप लावलं. किल्ली हरवली नव्हती, पण मी ती शोधतही नव्हतो.

जानेवारीत आमच्या मुलीने, मैत्रेयीने, गाडीचा विषय काढला. तिला जयपूरला नोकरी लागली होती. बाहेर कोहरा, लखनौचं थंडीतलं धुकं, इतका दाट, की अमौसी विमानतळावर उतरणारी विमानं डोक्यावरून जाताना नुसती ऐकू यायची.

“बाबा, मैं गाड़ी लेके जाऊँगी.”

“कुठली?”

“कुठली काय! आई की. मुझे ही सिखाया था उसने.”

“ती तपासलेली नाही.”

“तो तपासो ना.” मग माझ्याकडे बघून ती जरा हळू बोलली. “पड़ी-पड़ी सड़ जाएगी, बाबा. तुम्हीपण ना, शेडच्या समोरून असं जाता जैसे अंदर कोई सो रहा हो.”

मी विरोध केला नाही. फक्त एक गोष्ट सांगितली. लखनौ ते जयपूर, आग्र्यापर्यंत एक्स्प्रेसवे, आणि त्या वेगात डावीकडचा एक सांधा निसटला तर पुढे विचार करायला वेळ मिळत नाही. तपासणी झाल्याशिवाय ती गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.

“मंज़ूर,” ती म्हणाली. “जयसिंग अंकल को मैं बोलती हूँ.”

तिने लगेच फोन लावला. मी आत जाऊन किल्ली काढली. ती नेहमीच्याच खिळ्यावर होती.

३

जयसिंग दुपारी आले, कानटोपी, स्वेटर, वर वायुसेनेतली जुनी डांगरी, कामाचा अंगभर पोशाख. शेडमध्ये शिरताना त्यांनी पायातल्या चपला बाहेर काढल्या. पूर्वी कधी काढत नसत.

“बसा सर. आणि आज हात जरा मोकळा ठेवा. तुम्ही झाडांचे डॉक्टर, स्टीअरिंग धरता ते रोपटं धरल्यासारखं.”

“डाँटो मत अंकल,” मैत्रेयी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. “रियाज़ छूट गया है इनका.”

जयसिंग पुढच्या बाजूने पुठ्ठ्यावरून आत सरकले. गाडीची डावी बाजू भिंतीला जवळजवळ टेकलेली होती. तिथून मांजर जाईल, माणूस नाही. खाली टॉर्चचा उजेड हलला. मग त्यांचा आवाज आला, तुकडीतला, सपाट.

“काम कुणाचं?”

“प्रणिताचं.”

“हजर?”

“हजर,” मी म्हणालो.

तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं. खाली जयसिंग एकदा खाकरले. मैत्रेयीने ट्रे खाली ठेवला.

“बाबा…”

“सवयीने बोललो गं.”

मी स्टीअरिंग हलवायला सुरुवात केली. बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे. थोड्या वेळाने ते किंचित जड झालं. तीच ओळखीची, पाण्यातली जडशी हालचाल. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही.

“डावा बरोबर आहे,” जयसिंग म्हणाले. “एकदम टाइट. मॅडमचं काम आहे, बघायला नको. उजवीकडे जातो.”

पुठ्ठा घासल्याचा आवाज आला. मी हलवत राहिलो. जडपणा गेला नाही.

“जयसिंगराव, डाव्यावरचा हात काढा. उजव्याचं मला कळत नाहीये.”

“काढलाय की.”

“नाही, अजून आहे.”

“सर, माझा एक हात उजव्या सांध्यावर आहे, दुसऱ्यात टॉर्च आहे. देवाने तिसरा दिला असता तर चहा पीत काम केलं असतं.” ते हसले. मग हसणं अर्ध्यात थांबलं.

“थांबा जरा. हलवू नका.”

मी हात काढून मांडीवर ठेवले.

“सर, हलवू नका म्हटलं ना.”

“मी थांबलोय.”

माझ्यासमोर स्टीअरिंग अगदी स्थिर होतं. खाली जयसिंगनी काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. ते इतक्या घाईने बाहेर आले, की कोपर खरचटून डांगरीची बाही फाटली. उभं राहून त्यांनी टॉर्च बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला.

“थंडीने ग्रीस धरलंय,” ते म्हणाले. “बाकी काही नाही. दोन्ही सांधे चांगले आहेत.”

चहा तसाच राहिला. चपला पायात न घालता हातात घेऊन ते गेले. “काम बंद” ते म्हणाले नाहीत. हे माझ्या लक्षात आलं, पण त्या वेळी मला ते विसरणंच वाटलं.

४

दुसऱ्या दिवशी मैत्रेयीने निशातगंजमधल्या एका गॅरेजवाल्याला आणलं. त्याने दोन्ही सांधे हलवून, ठोकून, पकडीने ओढून पाहिले. “नई जैसी है साहब, जिसने लगाया दिल से लगाया,” असं म्हणून तो गेला. त्याला काही जड लागलं नाही. मी मात्र तो गेल्यावर स्टीअरिंगवर बसलो, आणि हात तिथेच होता. डावीकडे.

आता मला खाली जाऊन बघणं भाग होतं. भर दुपार होती. कोहरा फाटून पांढरट ऊन शेडच्या दारापर्यंत आलं होतं. बाहेर सब्जीवाला ओरडत होता. अशा वेळी माणसाला स्वतःच्या शंकेची लाज वाटते. मी मैत्रेयीला स्टीअरिंगवर बसवलं आणि पुठ्ठ्यावर आडवा झालो.

खालून गाडी वेगळीच दिसते. वर जे एक गोल चाक असतं, ते खाली दांडे, पिना आणि गोल सांधे होऊन दोन्ही बाजूंना पसरतं. आडव्या दांड्याच्या मधल्या भागावर घड्याघड्यांचं काळं रबरी आवरण असतं. दांड्याच्या टोकाशी चाकाला जोडणारा सांधा. तोच डावा सांधा.

“हलव,” मी म्हणालो.

दांडा पुढे-मागे होऊ लागला. मी सांध्यावर तळहात ठेवला. टिचकी नव्हती. प्ले नव्हता. पण लोखंड कोमट होतं. त्या दिवसांत सकाळी नळाला हात लावला तरी झिणझिण्या यायच्या, आणि हे लोखंड नुकतंच कुणी हातातून खाली ठेवावं तसं कोमट होतं.

मी हात काढला.

“बाबा, इतना ज़ोर से मत पकड़ो,” वरून मैत्रेयी म्हणाली. “भारी हो रहा है.”

“मी पकडलेलं नाही.”

“क्या?”

“काही नाही. हलवत राहा.”

मी टॉर्च सांध्याच्या पलीकडे नेला. भिंतीकडच्या अंधारात दांड्याभोवती चार काळ्या घड्या दिसल्या. रबरी आवरण, मला वाटलं. घड्या दांड्याबरोबर हलत होत्या, तशा त्या हलणारच. मी पुन्हा सांध्याकडे पाहिलं, आणि मग मला दोन गोष्टी एकदम सुचल्या. रबरी आवरण मध्यावर असतं, टोकाला नाही. आणि आवरणाच्या घड्या सगळ्या सारख्या असतात. यातली शेवटची लहान होती.

मी उजेड परत तिकडे नेला. घड्या एकेक करून सुटल्या. घाई न करता. आधी लहान, मग तिच्याशेजारची, मग उरलेल्या दोन. आणि मागे नुसता दांडा राहिला, ग्रीस लागलेला.

प्रणिताची करंगळी वाकडी होती. कॉलेजात असताना बॅडमिंटन खेळताना मोडली होती. मी पाहिली ती वाकडी होती का? तेवढा वेळ मला मिळाला नाही. खरं सांगायचं तर पाहायचा धीरही झाला नाही. वाकडी नसती तर मी काय केलं असतं?

“हुआ क्या?” मी बाहेर आलो तेव्हा मैत्रेयी विचारत होती. “चेहरा देखो अपना.”

“ग्रीस आहे,” मी म्हणालो. “थंडीने धरलंय.”

५

मी विचार करणारा माणूस आहे. वनस्पती संशोधन संस्थेत माझं काम पानांवरचे डाग बघून रोग ओळखण्याचं. डागाला कारण असतं, आणि कारण दोनपैकी एक असतं: झाडात काही बिघडलंय, किंवा बाहेरून काही आलंय.

इथेही दोनच शक्यता होत्या. एक, डाव्या सांध्यात असा दोष आहे जो आम्हाला कुणालाच सापडत नाही, आणि तिला माहीत आहे. मग मैत्रेयीने त्या गाडीत बसता कामा नये. दुसरी, दोष काहीच नाही आणि ती फक्त धरून आहे. दुसरी शक्यता मला जास्त भीतीची वाटली, कारण ती मला समजत होती. पोरगी जाऊ नये असं त्या घरात आणखी एकाला वाटत होतं.

मी जयसिंगकडे गेलो. ते गच्चीवर उन्हात बसून मटार सोलत होते. मला पाहून त्यांनी शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

“जयसिंगराव, खरं सांगा. डाव्यात दोष आहे?”

“नाही.”

“शपथेवर?”

“सर, मी आयुष्यभर हेच केलं. दोष असता तर मी तुमच्या पोरीला चावी घेऊ दिली असती?” त्यांनी एक शेंग सोलली, दाणे ताटात न टाकता हातातच ठेवले. “तपासणी उघडी राहिलीय. एवढंच. तुम्ही हजर म्हणालात. आता बंद म्हटल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नसते.”

“मग तुम्ही म्हणा. तपासणारे तुम्ही.”

त्यांनी हातातले दाणे एकेक करून ताटात टाकले. खाली गल्लीत कुणीतरी बादली आपटत होतं.

“मॅडमनी मला काम शिकवलं,” ते म्हणाले. “त्यांना मी जा म्हणू? माझ्या तोंडून नाही निघणार. तुम्ही घरचे आहात. तुमचं ऐकतील.”

“घरात तरी कुठे ऐकायची?”

जयसिंग हसले, आणि लगेच त्यांनी कानटोपी खाली ओढली.

मी परत येऊन सरळ शेडमध्ये गेलो. गाडीत बसलो. स्टीअरिंग हलवलं. डावीकडे हात होता. मी काही वेळ तसाच हलवत राहिलो, आणि तोही तसाच राहिला. रविवारी असायचा तसा. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, दोघांचं काम चाललंय.

“काम बंद,” मी म्हणालो.

वरून एक विमान गेलं. पत्रे थरथरले आणि थांबले. मग माझ्या बोटांखाली स्टीअरिंग हलकं झालं. एकदम नाही, हळूहळू, जसं झोपलेल्या मुलाच्या मुठीतून आपण बोट काढून घेतो.

मी पुन्हा हलवून पाहिलं. काहीच नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं.

६

शनिवारी आम्ही दोघं गाडी कानपूर रोडवर घेऊन गेलो. सरोजिनी नगरच्या पुढे, ट्रकांच्या मधून. आधी मी चालवली, मग मैत्रेयीने. स्टीअरिंग सरळ, हलकं, सोडलं तर आपोआप मध्यावर येणारं.

“मक्खन है बाबा! बोला था ना?”

“हळू.”

“आई होती तो बोलती, जरा दबा के.”

ती हसत होती. किती दिवसांनी. मी स्वतःशी ठरवलं की मी पाहिलं ते रबर होतं, आणि जाणवला तो सवयीचा भास होता. दुःखात माणसाचे हात सुद्धा खोटं बोलतात. हे वाक्य मला इतकं पटलं, की घरी येईपर्यंत मी निश्चिंत होतो.

रविवारी सकाळी ती निघाली. कोहरा पातळ होण्याची वाट बघत उशीर झाला होता आणि तिला अंधाराच्या आत आग्र्याच्या पुढे जायचं होतं. मागची जागा नाहीच त्या गाडीत. सामान आधीच ट्रान्सपोर्टने गेलेलं. शेजारच्या सीटवर फक्त तिची शाल. मी डब्यात पराठे दिले, पोहोचल्याबरोबर फोन कर म्हणालो, एक्स्प्रेसवेवर डाव्या लेनमध्ये राहा म्हणालो. ती प्रत्येक गोष्टीला “हाँ बाबा” म्हणाली. ती वाकून पाया पडली. डोळे पुसले आणि मला दिसू नये म्हणून गाडीत जाऊन बसली.

मी फाटक उघडायला गेलो. आमचं फाटक दोन झडपांचं, दुसऱ्या झडपेची कडी गंजलेली. ती दोन्ही हातांनी वर ओढावी लागते. गाडी माझ्यापासून चार-पाच पावलांवर उभी होती, इंजिन चालू. मैत्रेयी उजव्या खिडकीतून मान बाहेर काढून रस्त्यावर कोहऱ्यात काही येतंय का बघत होती.

“बाबा, बस. हाथ छोड़ो ना,” ती तिकडेच बघत म्हणाली. “गियर डालना है.”

आवाजात लाड होते. तिला रडू येत होतं आणि ती हसत होती.

माझे दोन्ही हात कडीवर होते.

काचेतून मला तिचा डावा हात दिसत होता, गिअरच्या मुठीवर. त्यावर काही नव्हतं. पण बोटं पांढरी पडली होती आणि एकमेकांना चिकटली होती, वरून कुणी घट्ट मूठ आवळावी तशी. शेजारच्या सीटवरची शाल मध्यभागी दबली होती.

ओरडलो असतो तर तिने मान वळवली असती. तिने काय पाहिलं असतं, किंवा पाहिलं नसतं, यातलं कुठलं वाईट ते मला ठरवता आलं नाही. मी जागचा हललो नाही. जेवणाच्या टेबलावर मीठ मागताना जो आवाज असायचा, तोच काढला.

“प्रणिता,” मी म्हणालो, “तिला उशीर होतोय.”

इंजिन चालू होतं, म्हणून मैत्रेयीला ऐकू गेलं नाही. तिची बोटं आणखी क्षणभर तशीच होती. मग त्यांच्यात हळूहळू रंग आला. तिने गिअर टाकला.

“चलती हूँ!” तिने माझ्याकडे बघून हात हलवला. डावाच. त्यावर कसलीही खूण नव्हती. शाल सपाट होती. गाडी फाटकातून बाहेर पडली, सफाईने वळली आणि तिचे मागचे दिवे कोहऱ्यात आधी गुलाबी झाले, मग राहिले नाहीत. मोठ्या रस्त्यावर तिने हॉर्न दिला तो मला ऐकू आला. त्यानंतर फक्त ट्रक.

संध्याकाळी तिचा फोन येणार होता. तो येईल, अशी माझी खात्री होती; याहून मोठी खात्री मला आयुष्यात कधी नव्हती. गाडीला काही होणार नव्हतं. तिच्यात आता मैत्रेयीशिवाय कुणी नव्हतं.

मी फाटक लावायला घेतलं. पहिली झडप लागली. दुसरी निम्म्यापर्यंत आली आणि किंचित जड झाली. अगदी किंचित, पाण्यातून हात फिरवावा तसं.

कडी, बिजागरी, गंज: मी सगळं मनात आणून पाहिलं. मग पाहायचं थांबवलं. मी ढकललं नाही, ओढलंही नाही. पत्र्याच्या झडपेवर तळहात टेकवून उभा राहिलो. पलीकडे कोहरा होता. समोरच्या घरातला रेडिओ सुरू झाला, दूधवाला सायकल हातात धरून जाता जाता थांबला.

“साहब, फाटक अटक गया क्या? हाथ लगाऊँ?”

“नाही,” मी म्हणालो, आणि त्याला कळावं म्हणून, “नहीं भैया. पकड़ा हुआ है.”

तो गेला. पत्रा माझ्या हाताखाली हळूहळू कोमट होत गेला.